वार्निशच्या दिवशी मासळी नाही

फोन आला तेव्हा माझ्या हातात एका मिक्सरची मोटर होती. पलीकडून मंगल बोलत होती, सुभद्राताईंची सून. "वायरमनदादा, आई गेल्या. सकाळी चहा घेतला, जरा आडव्या झाल्या, आणि..." अशा वेळी माणूस काय विचारतो? कधी, कसं, कोण कोण आलंय. माझ्या तोंडून मात्र निघालं, "मोटर चालू आहे का?" शब्द बाहेर पडले आणि माझा मीच ओशाळलो. पण चाळीस वर्षं त्या घराशी माझं बोलणं याच प्रश्नानं सुरू होत आलं होतं, तोंडाला तसं वळणच पडून गेलं होतं. मंगल म्हणाली, "आहे दादा. चहाच्या आधी आईंनीच काठी लावली. ओलं वार्निश आहे, बंद कशी करणार?" मी मिक्सर तसाच उघडा टाकला, शेजारच्याला दुकानाकडे बघायला सांगितलं आणि गिरगावातून लालबागेत गेलो. ताईंना खाली अंथरलं होतं, बायका भोवती बसल्या होत्या, आणि खिडकीशी ती काठी आपली गोल फिरत होती. कुणीही तिला हात लावला नाही.

त्याला आता दीड महिना होऊन गेला. सुभद्राताई कुणी मोठ्या नव्हत्या. पुरवणीत ज्यांच्यावर लिहून येतं त्यांतल्या तर मुळीच नव्हत्या. लालबागच्या चाळीतल्या एका खोलीत बसून त्यांनी जन्मभर गळाच्या काठ्या बनवल्या. पवईच्या तलावावर छत्री रोवून दिवस दिवस पाण्याकडे बघत बसणारी हौशी मंडळी असतात, त्यांच्या हातातली सुबक काठी, तिच्यावरच्या, गळाची दोरी ओवायच्या कड्या, त्या कड्या बांधणारे रेशमी दोऱ्याचे वेढे आणि वरची काचेसारखी वार्निशची झिलई, हे सगळं ताईंचं. स्वतः त्यांनी गळाला लागलेला मासा कधी पाहिला नाही. वरळी कोळीवाड्यातून त्यांच्याकडे मासळी घेऊन येणारी कोळीण काठीकडे बघून दरवेळी विचारायची, "एवढ्या खटाटोपानं मासा किती, तर एक?" ताई म्हणायच्या, "तो पण लागलाच तर." हे सगळं लिहायचं कारण ताईंचं मोठेपण सांगणं एवढंच नाही. मला एक गोष्ट कबूल करायची आहे आणि ती ताईंबद्दल सांगितल्याशिवाय सांगता येत नाही.

ती संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीची वर्षं होती. गिरगावात एका चाळीच्या जिन्याखाली माझं पंखे आणि मोटरी दुरुस्त करायचं दुकान होतं. दुकान कसलं, एक फळी, एक स्टूल आणि माझा तोरा. मी पंचविशीचा होतो. जळलेली कॉइल मी नुसत्या वासावरून ओळखतो अशी माझी ख्याती होती आणि ती बहुतांशी मीच पसरवलेली होती. एका दुपारी पस्तिशी ओलांडलेली एक नऊवारीतली बाई फळीसमोर येऊन उभी राहिली. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी लांबलचक होतं. मला वाटलं, मोर्चातल्या झेंड्याची काठी असेल. बाईनं विचारलं, "हळू फिरणारी मोटर गावात काय?" गावात म्हणजे मिळेल, एवढं मालवणी मला कळत होतं. मी विचारलं, "किती हळू?" बाई म्हणाली, "घास चावून गिळेपर्यंत एक फेरा." मोटरच्या वेगाचं हे माप मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. मी हसलो. बाई हसली नाही. माझ्या ओठांकडे बघत ती उत्तराची वाट बघत राहिली, तेव्हा माझ्या लक्षात आलं की तिला ऐकू फार कमी येतं.

सुभद्राताई पंधरा वर्षं गिरणीच्या वाइंडिंग खात्यात होत्या. तिथं बायका सूत गुंडाळायच्या. यंत्रांच्या आवाजानं कान गेले ते तिथंच. पुढं नवी यंत्रं आली, बायका कमी झाल्या, त्यांत ताईही गेल्या. बोटांना मात्र सुताची सवय होती. फोर्टात शिकारीच्या सामानाचं एक दुकान होतं. मालक पेस्तनशेठ. विलायतेतून गळाच्या काठ्या येणं अवघड झालं, तेव्हा ते इथंच बांबूच्या काठ्या करवून घेऊ लागले आणि कड्या बांधायचं काम कुणाच्या तरी ओळखीनं ताईंना मिळालं. त्यांचे वेढे बघून शेठ खूश होते. पण वार्निशचं काम ते ताईंना देत नव्हते, कारण ओलं वार्निश लावून काठी नुसती ठेवली की ते हळूहळू खालच्या अंगाला उतरतं, तिथं थेंब लोंबतो आणि तसाच वाळतो. वार्निश धरेपर्यंत काठी सारखी फिरत राहायला हवी. त्यामुळं वेढे बांधून झाले की काठ्या जायच्या एका फर्निचर पॉलिशवाल्याकडे. ताईंना हे सलत होतं. त्यांची बोली अर्धी मालवणातली, अर्धी लालबागेतली. म्हणाल्या, "अर्धं काम माका नको. पंधरा वर्सां गिरणीत अर्धंच काम केलंय. सूत गुंडाळून दिलंय, पुढे त्याचा कापड झाला की चिंधी, माका कधी दिसला नाय. एक तरी वस्तू पुरी होताना माका बघूक होयी."

मी माझ्याकडचा एक जुना टेबल पंखा काढला. टेबल पंखा मान हलवतो, हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं. ती मान हलवणारा एक छोटा दांडा मोटरच्या मागं असतो आणि पातं कितीही गरगरलं तरी तो दांडा अगदी संथ फिरतो, ताईंच्या घासाच्या मापानं. मी पातं काढून टाकलं, पंख्याला एका खोक्यात कुशीवर निजवलं आणि तो दांडा आडवा बाहेर काढला. आता त्यावर काठी बसवायची कशी, हा प्रश्न होता. ताईंनी गिरणीतली एक रिकामी लाकडी बॉबीन आणली, ती दांड्यावर ठोकली, तिच्या भोकात काठीचं बूड खुपसलं आणि सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून आवळलं. काठीचं दुसरं टोक दोन खिळ्यांच्या कैचीवर. बटण दाबलं आणि काठी फिरू लागली. ताईंचे यजमान तुकारामदादा साचेखात्यात विणकर होते, पाळी संपवून नुकतेच आले होते. त्यांनी तिथल्या तिथं घोषणा दिली, "काठी फिरलीच पाहिजे!" त्या दिवसांत लालबागेत कुठलंही वाक्य 'च पाहिजे'वरच संपत असे. मी त्यांना ऐटीत सांगितलं की मी मोटर वाइंडर आहे, हे आपलं रोजचं काम. ताई माझ्या ओठांवरून ते वाचून म्हणाल्या, "तू पण वाइंडर, मी पण वाइंडर. एका घरात दोन नको. तू आपलो वायरमन बरो." मी वायरमन नव्हे, वायरिंग हे वेगळं काम, हे मी पुढं बरीच वर्षं समजावून सांगत राहिलो. उपयोग शून्य.

मोटर अर्ध्या-पाऊण तासानं थांबायची. कधी नुसती मंदावायची, कधी पार गप्प. मी ती दोनदा घरी नेली, कॉइल नव्यानं गुंडाळली, परत आणून लावली, पुन्हा तेच. माझ्या नाकाला काही वास लागेना आणि तोरा उतरू लागला. ताईंची तपासायची रीत निराळी होती. बांबूची एक बारीक काडी त्या दातांत धरायच्या, दुसरं टोक मोटरवर टेकवायच्या आणि डोळे मिटून बसायच्या. "माका ऐकू येत नाय रे, पण दातांक कळता." मोटर बरी असली की 'चावता' म्हणायच्या, बिघडू लागली की 'चघळता'. एके दुपारी त्यांनी सांगितलं, "चघळूक लागली." पाच मिनिटांत मोटर बंद. काठीवर तेव्हा ओलं वार्निश होतं, आणि बाहेर त्याच वेळी संचारबंदी पुकारली. मला गिरगावात जाता येईना आणि मोटर गार झाल्याशिवाय चालेना. मग आम्ही तिघं पाळीपाळीनं ती काठी हातानं फिरवत बसलो. खालच्या रस्त्यावर शुकशुकाट, मधूनच गाडीचा आवाज, लांबून घोषणा... आणि वर आम्ही पाव फेरा, पाव फेरा करत. ताईंनी तव्यावर बांगडे टाकले. मी त्या घरी जेवलो तो पहिल्यांदा त्या दिवशी, डाव्या हातानं काठी फिरवत. दर घासाला पाव फेरा द्यायचा, असं ताईंनी ठरवून दिलं होतं. तुकारामदादा भराभर जेवणारे, त्यांच्या पाळीत काठी फार जोरात फिरली म्हणून त्यांना बोलणी बसली.

जेवता जेवता ताईंनी तळहात मोटरवर ठेवला आणि चटकन काढला. मग मला विचारलं, "पंखो सगळ्यांक वारो घालता. त्येका कोण घालता?" पंख्याचं पातं बाहेर वारा घालतं तेव्हाच त्याची मोटरही गार ठेवतं, हे मला न कळण्यासारखं नव्हतं. पण वाऱ्यानं धूळ उडून काठीवर बसेल म्हणून पातं मीच काढून टाकलं होतं आणि मग दोन वेळा कॉइल गुंडाळत बसलो होतो. दुसऱ्या दिवशी मी पत्र्याचं एक लहान पातं कापून मोटरला लावलं आणि काठीच्या बाजूला पुठ्ठ्याचा आडोसा केला. मोटर दिवसभर चालली. ही चूक मी हसत कबूल केली, कारण ती ताईंनीच पकडली होती. पकडलेली चूक कबूल करायला हिंमत लागत नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. पेस्तनशेठनी ताईंना एक काठी दिली आणि सांगितलं, तीन हात वार्निश देऊन, एक डाग नाही अशी सोमवारी आण. जमलं तर पुढचं सगळं काम तुझं, नाही तर तू आपली कड्याच बांध. म्हणजे ताईंची पुरी काठी होणार की नाही, ते त्या एका काठीवर ठरणार होतं. वेढे झाले, वार्निशचा पहिला हात शुक्रवारी झाला. शनिवारी सकाळी ताईंनी दुसरा हात दिला. दुपारी लालबागेत हरताळ होता, सभा होती, आणि चाळीतल्या सगळ्या बायका निघाल्या तशा ताईही निघाल्या. मी काठीवर लक्ष ठेवायला थांबलो. खोलीत मी, काठी आणि मोटर. आणि त्या मोटरला एक बारीक आवाज होता, किर्र किर्र, दर फेऱ्याला एकदा. तो आठवडाभर होताच. ताईंना मी त्याबद्दल बोललो होतो, तर त्या म्हणाल्या होत्या, "आवाज करूक दे. काम करता मां?" त्यांना तो ऐकूच येत नव्हता, त्यांना त्रास कशाचा? मला मात्र तो आवाज सहन होईना. माझा धंदाच आवाज बंद करण्याचा. मी खिशातली तेलाची कुपी काढली, मागच्या बुशाचं, म्हणजे मोटरचा दांडा ज्यात फिरतो त्या नळीचं, पितळी टोपण उघडलं आणि तीन थेंब सोडले. किर्र थांबलं नाही. आणखी तीन सोडले. मग किती सोडले ते मोजले नाहीत. आवाज थांबला. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

पंखा उभा असतो तेव्हा तेल जिथं जायचं तिथं जातं. हा कुशीवर निजलेला होता. तेल बुशातून बाहेर आलं, फिरणाऱ्या पात्यानं त्याचे बारीक तुषार केले आणि पुठ्ठ्यावरून ते ओल्या काठीवर गेले. रविवारी संध्याकाळी मी गेलो तर ताई खिडकीशी काठी उजेडात धरून बसल्या होत्या. वार्निशभर बारीक बारीक गोल खळगे, जिथं तेल तिथून वार्निश मागं सरलेलं. "डोळे पडले," त्या म्हणाल्या. "माशाचे असतत तशे." मी पुठ्ठ्याकडे बघितलं. त्याच्या वरच्या कडेला तेलकट पट्टा होता. एका नजरेत मला सगळं कळलं. त्याच क्षणी बोलायला हवं होतं. पण मी गिरगावातला, त्यात कारागीर, म्हणजे चूक कबूल न करण्याची दोन्ही कारणं माझ्याकडे होती. शिवाय पात्याची चूक ताजी होती. ताईंनी विचारलं, "कशान झाला असात?" आणि मी म्हणालो, अगदी विचारपूर्वक म्हणालो, "ताई, तुम्ही घरात मासे तळता. तळणीचं तेल हवेत उडतं. ते बसलं असणार."

ताई माझ्या तोंडाकडे बघत होत्या. त्या नेहमीच बघत, बोलणं ओठांवरून घ्यायची सवय. त्या दिवशी मला ते बघणं जरा लांबल्यासारखं वाटलं. मग म्हणाल्या, "बरां."

सोमवारी त्या डोळे पडलेली काठी घेऊन फोर्टात गेल्या. लपवली नाही, कारणं दिली नाहीत. "माझा वार्निश बिघडला, पंधरा दिवस द्या," एवढंच म्हणाल्या. शेठनी दिले, पण पंधराच. घरी येऊन त्यांनी सगळं वार्निश खरवडून काढलं, वेढे उलगडले, बांबू पुसला आणि नव्यानं सुरुवात केली. आणि त्या पंधरा दिवसांत त्या घरात मासळी शिजली नाही. कोळीण दाराशी येऊन परत जायची. मालवणी माणसाच्या घरात पंधरा दिवस डाळ, उसळ आणि लोणचं. श्रावण नाही, उपास नाही, कुणाचं काही नाही. तुकारामदादा ताटाकडे बघत मला विचारायचे, "वायरमन, तू शिकलेला माणूस. मला सांग, वार्निशाचा आणि बांगड्याचा संबंध काय रे?" मी म्हणायचो, "असतो दादा, सूक्ष्म असतो." आणि त्यांच्याकडचा चहा अर्धा टाकून उठायचो.

बुधवारी ताई पाण्याच्या नळावर गेल्या असताना मी तपासणीच्या निमित्तानं मोटर उघडली. खिशात स्पिरिटची बाटली आणि चिंध्या घेऊनच गेलो होतो. पातं पुसलं, पुठ्ठा बदलला, बुशाच्या भोवती पुसलं. अपेक्षेपेक्षा तेल फारच थोडं निघालं, असं तेव्हा वाटलं होतं. पण मी घाबरलेलो होतो, जिन्यावर पावलं वाजली की दचकत होतो, त्यावर विचार केला नाही. टोपणाला हात लावला नाही, पुन्हा कधीच लावायचा नाही अशी मनाशी शपथ घेतली. पुढच्या तीन हातांना वार्निश पाण्यासारखं स्वच्छ बसलं. ताईंनी काठी नेली. शेठनी ती दारात, उन्हात धरली, नख लावून प्रत्येक वेढा दाबून पाहिला आणि म्हणाले, "बाई, पॉलिशवाल्याला आजपासून रजा." ताई परत आल्या त्या चालत, सगळ्यांना सांगत. काठीच्या बुडाशी त्यांनी लाल रेशमाचा एक बारीक वेढा जादा दिला होता. तो पुढं त्यांच्या प्रत्येक काठीवर असायचा, ती त्यांची खूण. त्या दिवशी घरी बांगडे आले. मी जेवलो. बांगडा उत्तम होता आणि मला तो गोड लागला नाही.

माझ्या हिशेबी मी चूक केली होती, चूक निस्तरलीही होती, आणि कुणाचं नुकसान झालं नव्हतं. पण त्या घराला एक रीत लागून गेली. वार्निशच्या दिवशी मासळी नाही. मुलं मोठी झाली, त्यांना ती रीत आईकडून आली. मंगल सून होऊन आली तेव्हा पहिल्याच आठवड्यात तिला सांगण्यात आलं, सोमवार-गुरुवार पाळ नाही तर नको, पण काठी फिरत असली की तवा चढवायचा नाही. तुकारामदादा गेले, तेही ही रीत पाळतच गेले. दरवेळी त्या घरात डाळभात बघितला की मला कळायचं, आज वार्निश आहे आणि हे माझं करणं आहे. सांगायचं अनेकदा ठरवलं. मुंबईसह महाराष्ट्र झाला त्या दिवशी लालबागेत पेढे वाटले जात होते. त्या आनंदात कुणाला कशाचा राग येणार नाही असा हिशेब करून मी गेलो, ताईंसमोर उभा राहिलो, तोंड उघडलं... त्यांनी वाट बघितली. मी म्हणालो, "रोषणाई छान आहे." त्या म्हणाल्या, "हां. छान आसा." मोटरीनं मात्र या सगळ्या वर्षांत मला कधी दगा दिला नाही. पट्टी बदलली, वायर बदलली, एकदा बटण बदललं. तेल मी घातलं नाही, आणि नवल म्हणजे तिनं ते कधी मागितलंही नाही. याचंही मी श्रेय घेत असे.

शेवटची भेट त्या जाण्याच्या महिनाभर आधीची. ताईंचे दात गेले होते. कवळी लावायच्या नाहीत. बांबूची काडी माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "माका आता मोटर काय सांगणा नाय. तू बघ." मी काडी दातांत धरली, मोटरवर टेकवली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. डोक्याच्या आतून एक संथ, सारखी घरघर आली, समाधानानं चावत बसल्यासारखी. मी म्हणालो, "बरी आहे. चावते." ताईंनी विचारलं, "तेल होया म्हणता काय?" मी त्यांच्याकडे बघितलं. त्या माझ्या ओठांकडे बघत होत्या. मी म्हणालो, "नाही... काही म्हणत नाही." त्या बोळक्या तोंडानं खूप हसल्या. म्हातारपणी माणसं कशालाही हसतात, असं मी समजलो.

गेल्या रविवारी मंगलनं बोलावलं. ताईंनी बांधून ठेवलेली एक शेवटची काठी राहिली होती, तिला वार्निश द्यायचं होतं. ते काम आता मंगल करते, ताईंनीच तिला तयार केलं आहे. जिना चढताना मला तळणीचा वास आला. म्हटलं, शेजारी असेल. दारात पोचलो तर खिडकीशी काठी फिरत होती, वार्निश ओलं चमकत होतं, आणि मंगल तव्यावर बांगडे उलटत होती. मी चपलाही काढल्या नाहीत. "अगं, आज वार्निश आहे ना?"

"आहे ना," ती म्हणाली. "आईंनी सांगून ठेवलं होतं. मी गेले की एकदा मोटर चालू असताना वायरमनाला बोलाव आणि त्याच्यासमोर बांगडे तळ. मग बघ, तोंड उघडतो काय."

मला बसायला स्टूल सापडेना. मंगलनं गॅस बारीक केला, हात पुसले, मोटर थांबवली आणि मागच्या बुशाचं पितळी टोपण काढून माझ्यापुढं धरलं. चाळीस वर्षांत मी ते उघडलं नव्हतं. भोकात कापसाची एक वात बसवलेली होती, समईच्या वातीसारखी वळलेली, बुशाला लागेल तेवढंच तेल सोडणारी. तिच्या वरच्या टोकाला लाल रेशमाचा बारीक वेढा होता. मंगल म्हणाली, "दर दसऱ्याला आम्ही ही बदलतो. पहिली आईंनी त्या रविवारी रात्रीच घातली. तुम्ही गेलात आणि त्यांनी पांढरा दोरा पुठ्ठ्यावरून ओढून बघितला. गिरणीत सुताला तेलाचा डाग पडला की वाइंडिंगच्या बायकांचीच खरडपट्टी निघायची ना. तेल यंत्राचं की तळणीचं, ते आईंना लगेच कळलं. मोटर पुसली, वात घातली आणि झोपल्या." मी कसंबसं विचारलं, मग मासळी का बंद केली. मंगल हसली. "ते आई फार रंगवून सांगायच्या. 'पंधरा दिस घरात मासळी शिजवूक नाय, वायरमनान खरा बोलाक होया म्हणान. शेवटी माकाच बांगड्याची आठवण ईली, त्येचा तोंड काय उघडला नाय.' आणि मग रीतच ठेवली. म्हणायच्या, कधीतरी कंटाळून बोलेल."

मंगलनं टोपण लावलं, बटण दाबलं. काठी पुन्हा फिरू लागली. बुडाशी लाल वेढा वर यायचा, खाली जायचा. ताईंनी मला एकदाही टोचलं नाही, पेस्तनशेठपुढं माझं नाव घेतलं नाही, चार माणसांत गंमत म्हणूनसुद्धा मला उघडं पाडलं नाही. फक्त वाट बघितली. मला फार रडू आलं, आणि ते मी आवरलं नाही. मग ज्यांच्यासमोर बोलायचं त्या नव्हत्या, म्हणून काठीकडे बघत, ओठ नीट हलवत, मोठ्यानं म्हणालो, "तेल मी घातलं होतं."

"ते ठाऊक आहे आम्हाला," मंगल म्हणाली. "जेवायला बसा."

बसलो. तिनं ताट वाढलं. मी पहिला घास घेतला आणि सवयीनं खिडकीकडे पाहिलं. लाल वेढा वर होता. घास चावून गिळेपर्यंत तो एक फेरा घेऊन पुन्हा वर आला.